वर्गणी कुणाची, वकिली कुणाची?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

२०१९ च्या सप्टेंबरात मी अमेरिकेत ओहायो राज्यात पुतणीकडे महिनाभर राहायला गेलो होतो. रात्रीची जेवणं आटोपली की टीव्ही लागायचा आणि बातम्यांच्या मधे एक जाहिरात हटकून यायची. चीन तुमच्या वीजजाळ्यात शिरू पाहतो आहे, कुणी दारात येऊन अर्जावर सही मागितली तर देऊ नका, असा तिचा एकूण रोख. पार्श्वभूमीला लाल रंग, गंभीर आवाज. मी पुतणीला विचारलं, "हे चीनचं काय प्रकरण आहे?" ती म्हणाली, "काका, मलाही उमगलेलं नाही. तो अर्ज विजेच्या एका नव्या कायद्याविरुद्ध आहे. त्यात चीन कुठून आला देव जाणे."

कायदा असा होता : दोन अणुवीज केंद्रं तोट्यात आहेत म्हणून त्यांना, आणि सोबत दोन जुन्या कोळसा केंद्रांना, साऱ्या राज्यातल्या ग्राहकांच्या बिलातून पैसे द्यायचे. अणुकेंद्रांची रक्कम एकट्या शंभर कोटी डॉलरच्या वर जाणारी. त्याच कायद्यानं सौर आणि पवन विजेचं राज्याचं उद्दिष्ट खाली आणलं आणि वीजबचतीच्या योजना गुंडाळल्या. लोकांनी यावर सार्वमत मागण्यासाठी सह्या गोळा करायला घेतल्या, तर त्यांच्याविरुद्ध ही जाहिरात. मुदतीत पुरेशा सह्या जमल्या नाहीत, कायदा राहिला.

इतिहास शिकवण्यापूर्वी मी काही वर्षं वीज मंडळाच्या हिशेब शाखेत कारकून होतो. तिथे लागलेली एक खोड अजून सुटलेली नाही. खर्च दिसला की तो कुठल्या खात्यात टाकला असेल, हे आधी मनात येतं. त्या रात्री तेच आलं. या जाहिरातीचे पैसे कुणी दिले असतील, आणि कुठल्या खात्यातून?

उत्तर पुढच्या वर्षी मिळालं. पण ते नीट कळायचं तर शंभर वर्षं मागे जायला हवं.

सॅम्युएल इन्सल हे नाव आपल्याकडे फारसं कुणाला ठाऊक नाही. १८५९ साली लंडनमध्ये जन्मलेला हा मुलगा १८८१ साली एडिसनचा चिटणीस म्हणून अमेरिकेत आला आणि १८९२ साली शिकागोत एका लहानशा वीज कंपनीचा प्रमुख झाला. हीच पुढे कॉमनवेल्थ एडिसन झाली. विजेच्या धंद्याची एक गोष्ट त्यानं सर्वांआधी ओळखली. एका रस्त्यावर दोन कंपन्यांनी आपापले खांब रोवणं हा दोघींचाही नाश आहे. तेव्हा मक्तेदारी हवी. पण मक्तेदारी लोक सहन करणार नाहीत, म्हणून तिच्यावर सरकारी देखरेखही हवी. १८९८ साली, वीज कंपन्यांच्या राष्ट्रीय संघटनेचा अध्यक्ष असताना, त्यानं आपल्याच व्यवसायबंधूंना हे भर सभेत सांगितलं. तेव्हा ते कुणाच्या गळी उतरलं नाही. १९०७ साली विस्कॉन्सिन आणि न्यूयॉर्क या राज्यांनी नियामक आयोग नेमले आणि मग पाहता पाहता सगळीकडे तोच शिरस्ता पडला.

त्या कराराचं मर्म आपल्याकडेही आज तेच आहे. आपला महाराष्ट्र वीज नियामक आयोग १९९९ साली आला तो याच घडणीचा. कंपनीला तिचा वाजवी खर्च आणि वर ठरावीक परतावा मिळेल इतका दर आयोग ठरवून देतो. ग्राहकाला दुसऱ्या दुकानात जायची सोय नाही. मग सगळा प्रश्न एका शब्दापाशी येऊन थांबतो : खर्च कशाला म्हणायचं? कोळसा हा खर्च. तारा, रोहित्रं, पगार हा खर्च. आणि कायदे आपल्या बाजूनं वळवण्यासाठी जे लागतं, ते?

पहिल्या महायुद्धात इन्सल इलिनॉय राज्याच्या संरक्षण परिषदेचा प्रमुख होता. लोकमत कसं तयार करतात याचं प्रशिक्षण त्याला तिथे मिळालं. युद्ध संपल्यावर १९१९ साली तीच यंत्रणा त्यानं वीज कंपन्यांच्या कामाला जुंपली. राज्याराज्यात 'माहिती समित्या' निघाल्या. नॅशनल इलेक्ट्रिक लाइट असोसिएशन, म्हणजे तीच १८८५ सालची राष्ट्रीय संघटना, त्यांच्या मागे उभी राहिली. वीज नगरपालिकांच्या मालकीची असावी असं म्हणणारे लोक तेव्हा बरेच होते. त्यांच्याविरुद्ध वर्तमानपत्रांना तयार मजकूर पुरवला जाई. शाळांत पुस्तिका वाटल्या जात. क्रमिक पुस्तकं तपासून कुठल्या पानावर कंपन्यांना प्रतिकूल मजकूर आहे याच्या याद्या होत आणि प्रकाशकांकडे तगादा लावला जाई. काही प्राध्यापकांना मानधन मिळे. ते देणाऱ्याचं नाव मात्र व्याख्यानात येत नसे.

या संघटनेचे व्यवस्थापकीय संचालक होते मर्लिन एल्सवर्थ. त्यांनी एका बैठकीत सदस्यांना धीर दिला होता की खर्चाला भिऊ नका, हा खर्च अखेर लोकच भरतात. हे वाक्य पुढे चौकशीत बाहेर आलं आणि अर्नेस्ट ग्रूनिंग यांनी १९३१ साली या साऱ्या प्रकरणावर पुस्तक लिहिलं, त्याला त्यावरूनच नाव दिलं. आणखी एक सांगतो, आकाशवाणीवरून बोलताना ते सांगायला हवंच. हेच एल्सवर्थ १९२६ साली एनबीसी या अमेरिकेतल्या पहिल्या मोठ्या नभोवाणी जाळ्याचे पहिले अध्यक्ष झाले.

१९२८ साली सिनेटच्या ठरावानुसार फेडरल ट्रेड कमिशननं चौकशी सुरू केली. ती सात वर्षं चालली आणि तिचे खंडच्या खंड छापले गेले. दरम्यान इन्सलचा डोलारा १९३२ साली कोसळला. त्याच्या कंपन्यांचे रोखे घेतलेले हजारो सामान्य लोक बुडाले. तो युरोपात पळाला, १९३४ साली इस्तंबूलला पकडला गेला, खटल्यांतून निर्दोष सुटला आणि १९३८ साली पॅरिसच्या भुयारी रेल्वे स्थानकात त्याला मृत्यू आला. बदनाम झालेली ती संघटना १९३३ साली विसर्जित झाली आणि त्याच वर्षी कंपन्यांनी नवी काढली : एडिसन इलेक्ट्रिक इन्स्टिट्यूट. ती आजही आहे.

१९३५ साली रूझवेल्ट यांनी वीज क्षेत्रातल्या होल्डिंग कंपन्यांना वेसण घालणारा कायदा आणला, तेव्हाची हकीकत तर नाटकात शोभावी अशी आहे. खासदारांकडे विरोधाच्या तारांचा पाऊस पडला. पेनसिल्व्हेनियाच्या ड्रिस्कॉल नावाच्या खासदाराला वॉरन या एकाच गावातून शेकडो तारा आल्या. त्यांना संशय आला तो नावांवरून. तार करणाऱ्यांपैकी बहुतेकांची आडनावं इंग्रजी वर्णमालेच्या पहिल्या काही अक्षरांतली! गावाची नामसूची उघडून कुणीतरी ओळीनं नावं उतरवत बसलं होतं. सिनेटर ह्यूगो ब्लॅक यांच्या समितीपुढे तारऑफिसातला एकोणीस वर्षांचा पोरगा येऊन सांगून गेला की एका सहीमागे त्याला तीन सेंट मिळत होते. सूत्रं एका वीज कंपनीकडे होती. कायदा त्या ऑगस्टमध्ये मंजूर झाला आणि पुढे सत्तर वर्षं टिकला. २००५ साली तो रद्द करण्यात आला.

आता हवामानाकडे येऊ. अनेकांना वाटतं, तापमानवाढीची गोष्ट या कंपन्यांना उशिरा कळली. तसं नाही. १९६८ सालच्या जून महिन्यात एडिसन इन्स्टिट्यूटच्या वार्षिक अधिवेशनात अध्यक्ष जॉन्सन यांचे विज्ञान सल्लागार डोनाल्ड हॉर्निग यांनी कार्बन डायऑक्साइडचा धोका बोलून दाखवला होता. समोर बसलेले श्रोते कोण होते, तर ज्यांच्या धुराड्यांतून तो वायू निघत होता ते.

तेवीस वर्षांनी, १९९१ साली, त्याच इन्स्टिट्यूटनं कोळसा उद्योगातल्या दोन संस्थांच्या जोडीनं एका मोहिमेला पैसे दिले. 'इन्फर्मेशन कौन्सिल ऑन द एन्व्हायर्नमेंट' असं तिचं नाव. पुन्हा 'माहिती'! फार्गो, फ्लॅगस्टाफ, बोलिंग ग्रीन अशा लहान शहरांत जाहिरातींची चाचणी घेतली. पृथ्वी तापते आहे म्हणता, मग मिनियापोलिस थंड का होतंय, असा त्यातल्या एकीचा सवाल. तापमानवाढ ही वस्तुस्थिती नसून नुसता सिद्धांत आहे असं लोकांच्या मनात बसवायचं, हा हेतू त्यांच्या आतल्या कागदांतच लिहिलेला होता. ते कागद त्याच वर्षी वर्तमानपत्रांच्या हाती लागले आणि मोहीम बारगळली. पण १९८९ सालीच निघालेली 'ग्लोबल क्लायमेट कोअ‍ॅलिशन' ही मोठी आघाडी चालू राहिली. तिच्यात तेल कंपन्या होत्या, मोटार कंपन्या होत्या, वीज कंपन्याही होत्या. क्योटो करारात अमेरिकेनं पडू नये यासाठी तिनं आटापिटा केला. २००२ साली ती बंद झाली.

याच काळातला आपल्या घरचा एक संदर्भ इथे आठवतो. दाभोळचा प्रकल्प उभारणाऱ्या एन्रॉनच्या एका अधिकारी बाईंनी १९९५ साली अमेरिकी काँग्रेसच्या उपसमितीपुढे सांगितलं होतं की भारतीयांच्या 'शिक्षणा'वर आणि प्रकल्पाच्या तयारीवर कंपनीनं सुमारे दोन कोटी डॉलर खर्च केले. त्या एका शब्दावर महाराष्ट्रात किती गदारोळ झाला हे माझ्या पिढीला विसरता येणार नाही. मी मात्र तेव्हा मनात म्हटलं होतं, हा शब्द यांनी आपल्यासाठी काही नवा घडवलेला नाही. १९१९ पासून त्यांच्या टाकसाळीत तो पडतोच आहे.

वीज कंपन्यांमधले सगळेच काही एका माळेचे मणी नव्हते, हेही सांगायला हवं. २००७ साली ड्यूक एनर्जी, पीजी अँड ई, पीएनएम अशा कंपन्यांनी पर्यावरण संस्थांबरोबर बसून कार्बनवर कायद्यानं मर्यादा घाला अशी जाहीर मागणी केली. ड्यूकचे प्रमुख जिम रॉजर्स हे त्यातले बोलके पुढारी. पण याच ड्यूक कंपनीची वर्गणी त्याच वेळी अशा संघटनांनाही जात होती, ज्यांच्यातल्या बऱ्याच मंडळींना असा कायदा नकोच होता. म्हणजे डाव्या हातानं निवेदनावर सही आणि उजव्या हातानं त्याच निवेदनाविरुद्ध धनादेश.

२००९ साली हे उघड्यावर आलं. जून महिन्यात प्रतिनिधिगृहात हवामान विधेयक २१९ विरुद्ध २१२ मतांनी मंजूर झालं. मग कळलं की व्हर्जिनियातले खासदार टॉम पेरिएलो यांना मतदानापूर्वी स्थानिक अल्पसंख्याक संस्थांच्या नावानं विरोधाची पत्रं गेली होती आणि ती चक्क बनावट होती. कोळसा-वीज उद्योगांच्या एका आघाडीनं नेमलेल्या प्रसिद्धी संस्थेनं पुढे दुसऱ्या संस्थेला काम दिलं होतं, तिथे ती तयार झाली. आघाडीला हे मतदानापूर्वीच समजलं होतं. खासदाराला मात्र नंतर कळवलं गेलं. वॉरनच्या नामसूचीची आठवण यावी असाच प्रकार. फरक इतकाच की १९३५ साली तारा होत्या, आता लेटरहेड. ड्यूक त्या आघाडीची सदस्य होती. सप्टेंबरात तिनं सदस्यत्व सोडलं.

त्याच सुमारास अमेरिकन चेंबर ऑफ कॉमर्सच्या एका पदाधिकाऱ्यानं तापमानवाढीच्या शास्त्रावर जाहीर खटला भरल्यासारखी सुनावणी व्हावी असं सुचवलं. पीजी अँड ई, पीएनएम आणि एक्सेलॉन या तीन वीज कंपन्या त्या महिन्यात चेंबरमधून बाहेर पडल्या. एक्सेलॉन म्हणजे कॉमनवेल्थ एडिसनची मालक, इन्सलची वारसदार! मी हे तेव्हा वाचलं आणि मनापासून सुखावलो होतो. शंभर वर्षांनी का होईना, त्या घराण्यात कुणीतरी शहाणपणाचं वागलं असं वाटलं. या सुखाचं पुढे काय झालं ते सांगतोच.

यानंतरच्या दशकात भागधारकांनी प्रश्न विचारायला सुरुवात केली. पेन्शन फंड, विमा कंपन्या, काही धार्मिक संस्था. यांचा पैसा तीस-चाळीस वर्षांसाठी गुंतलेला असतो. २०१७ साली मोठ्या गुंतवणूकदारांची 'क्लायमेट अ‍ॅक्शन १००+' नावाची मोहीम निघाली. त्यांचं म्हणणं साधं होतं. तुम्ही २०५० पर्यंत उत्सर्जन शून्यावर आणू म्हणता, मग तुमच्या संघटना काय म्हणतात ते आम्हाला दाखवा. या दडपणातून वीज कंपन्या एक नवा कागद काढू लागल्या : संघटना-सदस्यत्वाचा आढावा. संचालक मंडळाची एक समिती तो पाहते. ठरावीक रकमेपेक्षा जास्त वर्गणी जिथे जाते त्या संघटनांची यादी असते, प्रत्येकीसमोर 'सुसंगत', 'अंशतः सुसंगत' असा शेरा असतो. मतभेद असेल तर राजीनामा द्यायचा की आत राहून समजूत घालायची, याचं धोरण असतं. असे काही आढावे मी वाचले. कागद गुळगुळीत, तक्ते देखणे. 'आत राहून समजूत घालतो' हे उत्तर इतक्या ठिकाणी येतं की त्या समजुतीचा एखादा तरी निकाल लावून दाखवा असं म्हणावंसं वाटतं.

आणि जी संघटना यादीत मावत नाही तिचं काय? हवेच्या प्रदूषणाच्या नियमांविरुद्ध कोर्टात लढणारा 'युटिलिटी एअर रेग्युलेटरी ग्रुप' हा वीज कंपन्यांचा गट कित्येक वर्षं एका वकिली पेढीतूनच चाले. सर्वोच्च न्यायालयापर्यंत त्याचं नाव खटल्यांना लागलं, पण सभासद कोण आणि किती पैसे देतात हे ग्राहकाला कळायची सोय नव्हती. २०१९ च्या एप्रिलमध्ये प्रतिनिधिगृहाच्या समितीनं कंपन्यांना पत्रं धाडून विचारणा केली, तर एकेक सदस्य बाहेर पडू लागला आणि मे महिन्यात गटानं विसर्जनच जाहीर केलं. महिनाभरात! इतकी वर्षं जे आवश्यक होतं ते पत्र येताच अनावश्यक कसं झालं, हे मला अजून कुणी सांगितलेलं नाही.

मूळ गाठ मात्र संचालकांच्या समितीत नाही, ती हिशेबाच्या वहीत आहे. इथे माझ्यातला कारकून जागा होतो. अमेरिकेतल्या वीज कंपन्यांना केंद्रीय नियामकानं ठरवलेली एकसारखी खाती वापरावी लागतात. त्यातलं ४२६.४ हे खातं राजकीय खर्चाचं. ते दराच्या रेषेखाली, म्हणजे हा खर्च भागधारकांनी सोसायचा. आणि ९३०.२ हे किरकोळ सामान्य खर्चाचं खातं रेषेच्या वर. त्यात उद्योगसंघटनांची वर्गणी बसते, म्हणजे ती ग्राहकाच्या बिलात येऊ शकते. मग एकाच वर्गणीची फोड कशी करायची? १९९३ सालच्या एका करकायद्यानुसार संघटनेला आपल्या सदस्यांना कळवावं लागतं की तुमच्या पैशातला इतका टक्का लॉबिंगला गेला, त्यावर करसवलत मागू नका. कंपन्या तेवढाच टक्का ४२६.४ मध्ये टाकतात आणि बाकीचा ९३०.२ मध्ये. पण करकायद्यातली लॉबिंगची व्याख्या अरुंद आहे. कोर्टात नियमांना आव्हान देणं तिच्यात येत नाही, नियामकापुढे मांडलेली बाजूही बहुतांशी येत नाही. इतक्या साध्या फटीतून किती पाणी वाहून गेलं असेल!

आता ओहायोचं उत्तर. २०२० च्या जुलैमध्ये राज्याच्या विधानसभेचे सभापती लॅरी हाउसहोल्डर यांना अटक झाली. फर्स्टएनर्जी या वीज कंपनीकडून आणि तिच्या उपकंपनीकडून एका नावापुरत्या लोककल्याणी संस्थेत सुमारे सहा कोटी डॉलर आले होते. त्यातून सभापतीच्या बाजूचे उमेदवार निवडून आणले गेले, कायदा मंजूर झाला आणि सार्वमताविरुद्धची मोहीमही चालली. माझ्या त्या सप्टेंबरातल्या संध्याकाळच्या प्रश्नाचं उत्तर हे. कंपनीनं २०२१ साली सरकारशी केलेल्या समझोत्यात हे मान्य केलं आणि २३ कोटी डॉलर दंड भरला. राज्याच्या नियामक आयोगाचा अध्यक्ष होऊ घातलेल्या माणसाला ४३ लाख डॉलर दिल्याचंही त्यात कबूल केलं. हाउसहोल्डर यांना २०२३ साली वीस वर्षांची शिक्षा झाली. केंद्रीय नियामकाच्या हिशेब तपासणीत असंही निघालं की लॉबिंगचा काही खर्च भलत्या खात्यांत टाकला गेला होता, जिथून तो ग्राहकांच्या दरात शिरतो.

माझ्या सुखाचं काय झालं, तेही सांगून टाकतो. हाउसहोल्डर यांच्या अटकेच्या चारच दिवस आधी शिकागोतल्या कॉमनवेल्थ एडिसननं, हो, तीच इन्सलची, तिथल्या विधानसभेच्या सभापतीची मर्जी राखण्यासाठी त्यांच्या माणसांना वर्षानुवर्षं नोकऱ्या आणि कंत्राटं दिल्याचं मान्य करून २० कोटी डॉलर दंड कबूल केला होता. चेंबरमधून बाहेर पडून शाबासकी मिळवली त्यानंतर जेमतेम दोन वर्षांनी हा प्रकार सुरू झाला होता.

काही राज्यं मात्र खातेवहीपर्यंत पोहोचली. २०२३ साली कोलोरॅडो, कनेटिकट आणि मेन या तीन राज्यांनी कायदे करून सांगितलं की संघटनांची वर्गणी आणि लॉबिंगचा खर्च ग्राहकाच्या दरात घालायचा नाही. वर्गणी खुशाल भरा, ती भागधारकांच्या खिशातून भरा. ओहायोत अणुकेंद्रांची मदत २०२१ सालीच रद्द झाली होती. कोळसा केंद्रांना जाणारे पैसे मात्र २०२५ साली कायदा होईपर्यंत ग्राहक भरतच होते, आणि त्यातलं एक केंद्र शेजारच्या इंडियाना राज्यातलं!

ही बातमी आली तेव्हा मी पुतणीला फोन केला आणि तिला बिल समोर घेऊन बसवलं. म्हटलं, "बघ गं, त्यावर संघटनेची वर्गणी असं कुठे लिहिलंय का?" तिनं बिल उलटसुलट करून पाहिलं. "काका, इथे पाच-सहा ओळी आहेत," ती म्हणाली, "आणि शेवटची ओळ, किती तारखेच्या आत भरायचं त्याची."